सोसायटीचा जुना कॉम्प्युटर, ४६,५०० चं कोटेशन आणि ४,४४० रुपयांचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडले नाहीत. सुरक्षेची अपडेट्स यायची थांबली, एवढंच. पण त्याच्या आसपासच्या दोन महिन्यांत मुंबईत किती सोसायट्या, शाळा, ट्रस्ट, वकिलांची ऑफिसं आणि क्लासवाले यांना 'तुमचं मशीन आता भंगार झालं' असं सांगितलं गेलं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आमच्या सोसायटीला सांगितलं गेलं, आणि मी तिचा खजिनदार आहे, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण तुमच्याही सोसायटीचे पैसे यात असू शकतात.

आमची इमारत सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात. ३८ फ्लॅट. निम्म्या घरांत निवृत्त माणसं. ऑफिस तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आमच्यासाठी त्या आकड्याचा अर्थ म्हणजे ओल्या रजिस्टरांचा लगदा. शेअर सर्टिफिकेटच्या नोंदी, नॉमिनेशनचे फॉर्म, सगळं वाळत घालून वाचवावं लागलं. त्यानंतर 'कॉम्प्युटरवर घ्या' ही मागणी सुरू झाली. सध्याचं मशीन २०१५ चं: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क.

यावर काम काय चालतं? नोटिसा, मेंटेनन्सची बिलं, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, ईमेल, सभेचं इतिवृत्त. हिशेब अकाउंटंट स्वतःच्या लॅपटॉपवर लिहितो. बास. यातलं एकही काम २०१५ पेक्षा आज जड झालेलं नाही.

तरी मशीन रडत होतं, हे खरं. सुरू व्हायला चार मिनिटं. एक एक्सेल शीट उघडायची तर ऑफिस सांभाळणाऱ्या ताई चहा करून यायच्या. कमिटीने कोटेशन मागवलं. दुकानदाराने सांगितलं, 'साहेब, यावर विंडोज ११ चढत नाही, फेकून द्या. नवीन सेट ४६,५०० ला, जुन्याचे १,००० कापून देतो.'

विंडोज ११ चढत नाही, हे त्याचं म्हणणं खरं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अटीनुसार टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे ढोबळमानाने २०१८ नंतरचा लागतो. आमचा बसत नाही. पण 'विंडोज ११ चढत नाही' या वाक्यापासून 'फेकून द्या' या वाक्यापर्यंत जो रस्ता आहे, तो कुणी तपासलाच नव्हता.

कमिटीत वाद झाला. 'अहो, दहा वर्षं झाली त्या ठोकळ्याला, आता तरी नवीन घ्या,' असं एक मत. 'चालतोय ना? मग राहू दे तसाच,' असं दुसरं. मला दोन्ही पटत नव्हती. दुसरं तर जास्तच धोक्याचं. आपण त्याच मशीनवरून बँकेत लॉगिन करतो, आणि सभासदांच्या आधार-पॅनच्या प्रती त्यावर आहेत. अपडेट न येणाऱ्या सिस्टिमवर हे चालू ठेवणं म्हणजे काटकसर नव्हे. दाराची कडी तुटली तरी दार तसंच लोटून झोपण्यासारखं आहे ते.

चौथ्या मजल्यावर एमटीएनएलमधून निवृत्त झालेले काका राहतात. ते म्हणाले, 'अरे, आधी झाकण तर उघड. आजारी काय आहे ते बघ, मग मयताची तयारी कर.'

झाकण उघडलं. आत दहा वर्षांची धूळ, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत, पॉवर सप्लायचा पंखा कण्हतोय. मदरबोर्ड मात्र ठणठणीत, एकही कपॅसिटर फुगलेला नाही. प्रोसेसरही ठीक. खरा अडसर होता हार्ड डिस्कचा. त्यात तबकडी फिरते, सुई जागा शोधते, मग वाचते. आजची सिस्टिम एकाच वेळी शेकडो लहान फायली मागते आणि बिचारी सुई इकडून तिकडे पळत राहते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. माहितीच्या जागेपर्यंत पोहोचायला डिस्कला लागतो त्याच्या कितीतरी पट कमी वेळ तिला लागतो. प्रोसेसर दहा वर्षं डिस्कची वाट बघत बसला होता, आणि म्हातारा म्हणून शिव्या त्यालाच बसत होत्या.

मी एका शनिवारी स्लो लोकलने ग्रँट रोडला गेलो. लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण या बाजाराला त्या नावाने विचारलंत तर लोक बघत राहतील. जुन्या मदरबोर्डला लागणारी डीडीआर-थ्री रॅम तिथे अजून मिळते. पूर्ण खर्च मांडतो, कारण असल्या पोस्टमध्ये आकडेच नसतात:

२५६ जीबी एसएसडी – १,९०० रुपये
४ जीबी रॅम, सेकंडहँड – ६०० रुपये
नवीन पॉवर सप्लाय – ९५० रुपये
थर्मल पेस्ट – १५० रुपये
बोर्डावरचा बटण-सेल – ४० रुपये
वाकोल्यातल्याच एका तंत्रज्ञ मुलाची मजुरी – ८०० रुपये
एकूण – ४,४४० रुपये.

दर फ्लॅटमागे ११७ रुपये. नवीन घेतला असता तर १,२२४. आमच्याकडे तीन सभासद असे आहेत की ज्यांचा मेंटेनन्स पेन्शन येईपर्यंत थांबतो. बाराशे रुपये म्हणजे काय, हे त्यांना विचारा.

सिस्टिमचं काय केलं? लिनक्स मिंट टाकली. फुकट आहे, तिच्या सध्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, आणि बँकेसाठी जो ब्राउझर लागतो तो तिच्यावर व्यवस्थित चालतो. मशीन आता अर्ध्या मिनिटात सुरू होतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. ताईंचे दहा वर्षांचे नोटिशीचे नमुने जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये होते. उघडले तर नुसती चिन्हं. 'दादा, माझं सगळं काम गेलं हो यात,' असं त्या म्हणाल्या तेव्हा कमिटीतले नवीनवाले माझ्याकडेच बघत होते. कन्व्हर्टरने फायली युनिकोडमध्ये आणायला चार संध्याकाळी गेल्या. ताईंना इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला आणखी दोन आठवडे. पण हे काम नवीन ४६,५०० च्या मशीनवर गेलो असतो तरी कधीतरी करावंच लागलं असतं. जुन्या फॉन्टमधली मराठी व्हॉट्सॅपवर पेस्ट होत नाही, गुगलला सापडत नाही. आता नोटीस बोर्डावरही लागते आणि ग्रुपवरही जाते.

आता नवीन कधी घ्यावा, तेही सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल हा जुन्याचा भक्त. मदरबोर्ड गेला असेल तर जुन्यावर पैसे घालू नका. व्हिडिओ एडिटिंग किंवा आर्किटेक्टचं काम असेल, तर नवीनच घ्या. जे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं त्यावर तुमचं पोट असेल, किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल, तर लिनक्सवर जाण्याआधी नीट तपासून घ्या. घरगुती विंडोज १० साठी सुरक्षा अपडेट एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढवून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. निर्णयाला तेवढी उसंत मिळते. आणि लॅपटॉपचं गणित वेगळं आहे, कारण बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच झाळलेली असते. डेस्कटॉपचे भाग सुटे निघतात, त्याची खरी श्रीमंती तीच आहे.

आता सार्वजनिक मुद्दा. ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेला कुठे जातो? आपल्याकडचा कुर्ला, साकीनाका, धारावीच्या गल्ल्यांत उघडला जातो. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, बोर्डावरच्या सोन्यासाठी आम्ल वापरलं जातं, आणि तो धूर जी माणसं घेतात त्यांनी आयुष्यात विंडोज ११ बघितलेलंही नसतं. आपल्या १,००० रुपयांच्या बायबॅकचा दुसरा अर्धा भाग हा आहे. शिवाय त्या डिस्कमध्ये ३८ घरांची कागदपत्रं होती. ती आम्ही काढून कपाटात कुलूपबंद ठेवली आहे. वर्षभराने पूर्ण पुसून नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडेच देणार, तसा ठराव केला आहे.

कायदा नाही असंही नाही. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला वेगळं स्थानही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो किती सहज दुरुस्त होतो याचा दहापैकी गुणांक दाखवावा लागतो. आपल्याकडे दुकानात उभं राहून हा प्रश्न विचारला तर सेल्समन हसतो.

आणि सरकारी ऑफिसांत तर 'निर्लेखन' हा जादूचा शब्द आहे. आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. तीन वर्षांत वहीतली किंमत जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येते. वहीतलं मरण आणि मशीनचं मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतायत. आपल्या महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत धूळ खात पडलेल्या मशीनांपैकी किती एका एसएसडीने उठतील, हे तपासायला वॉर्डात एक तंत्रज्ञ आणि एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

गंमत बघा. ज्या सीप्झचं नाव आपण रोज घेतो, त्यातला 'स' सांताक्रूझचा आणि 'ई' इलेक्ट्रॉनिक्सचा. १९७३ मध्ये उभं राहिलं, आहे मात्र अंधेरीत. इलेक्ट्रॉनिक्स बनवण्याच्या नावाने आपण पन्नास वर्षांपूर्वी एवढं मोठं क्षेत्र आखलं. ते दुरुस्त करण्याच्या नावाने काय आखलं? वाकोल्यातला तो मुलगा टपरीएवढ्या गाळ्यात बसतो. त्याच्या आठशे रुपयांवर आमच्या ३८ घरांचं काम सुरू झालं.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या कमिटीत नवीन कॉम्प्युटरचा विषय आला, तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: मशीनमध्ये नेमकं काय बिघडलंय, तेवढंच बदलायला किती लागेल, आणि जुन्याची डिस्क कुणाकडे जाणार. सध्या एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे पूर्वी काढलेलं कोटेशनही पुन्हा तपासा. तिन्ही उत्तरं मिळाल्यावर नवीन घ्यायचं ठरलं, तर खुशाल घ्या. पैसे सभासदांचे आहेत, निदान झाकण उघडून बघितलं होतं एवढं तरी त्यांना सांगता आलं पाहिजे.

कुणाला खर्चाचा तक्ता आणि ठरावाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. युनिकोडमध्ये आहे.