पायाची वाहवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात दोन माणसांना एकाच वेळी पाय हलवायला सांगण्यात आलं. चिरंजीवांना त्यांच्या गिटारमास्तरांनी आणि नान्नांना हाडांच्या डॉक्टरांनी. चिरंजीव पाय हलवायला एका पायावर तयार होते, पण त्यासाठी त्यांना दहा हजारांचं यंत्र पाहिजे होतं. नान्नांना फुकटात हलवायचा होता, तर ते हलवत नव्हते.

नान्ना म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे तेलंगणातले, पण चार पिढ्या सोलापूरच्या पूर्व भागात गेल्या. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी आणि बँकेत त्या वर्षीचा मॅनेजर ज्या प्रांतातून आला असेल तिथलं इंग्रजी, अशी आमची त्रिभाषा. तेलुगूत वडलांना नान्ना म्हणतात. शेजारची मराठी मंडळी त्यांना नाना म्हणतात. गेली पन्नास वर्षं दोन्ही पार्ट्यांची समजूत अशी, की समोरचा आपलंच बोलतोय, फक्त उच्चार जरा कच्चा आहे.

तर जूनमध्ये नान्नांचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, बाबा, आता टाच टेकवायची, चवडा वर, चवडा खाली, वीस वेळा, दिवसातून तीनदा. नान्नांनी विचारलं, ''त्यानं काय होतं?'' डॉक्टर म्हणाले, रक्त फिरतं. नान्ना घरी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. पंचवीस वर्षं ते खड्ड्याच्या हातमागावर बसले होते. ''मग्गमवर पाय मारला तर संध्याकाळपर्यंत लुगडं तरी निघायचं,'' ते म्हणाले, ''ह्यातून काय निघणार आहे?''

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, ''सर, हे असेच बसले तर गुडघा नवा असूनही उपयोग नाही. पाय आखडला की आखडला.'' त्या रात्री मला झोप लागली नाही. माग विकला त्या दिवशीसुद्धा नान्ना असेच खिडकीशी बसले होते. पण तेव्हा ते पंचेचाळीसचे होते, आठ दिवसांनी उठले. आता अठ्ठ्याहत्तर.

ही एक फाइल. दुसरी फाइल चिरंजीवांची.

चिरंजीव अकरावीत. त्यांच्याकडं सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार आहे आणि तिच्या आवाजाची पेटी आहे, जिच्यामुळं आमच्या जिन्यात तीन बिऱ्हाडांनी बोलणं सोडलं आहे. आता त्यांना पाहिजे होतं 'वाह-वाह पेडल'. मी म्हटलं, ''हे काय असतं बे?'' ते म्हणाले, ''पप्पा, तोंडानं ओ म्हणा, आणि म्हणता म्हणता आ करा.'' मी केलं. सौ. स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मला उलटी होतेय. पण प्रकार खरोखर तेवढाच आहे. टाचेकडून दाबलं की आवाज जाड, घुमा होतो. चवड्याकडून दाबलं की चिरका. मधे पाय झुलवत राहिलं की गिटार माणसासारखी 'वाऽव वाऽव' करायला लागते. सत्तरच्या दशकातली राहुलदेव बर्मन यांची गाणी ऐका, गिटार मधेच कुठंतरी लाडात आल्यासारखी बोलते, तो हा मामला. अमेरिकेत जिमी हेंड्रिक्सनं 1968 साली ह्या पेडलवर पाय ठेवून जे केलं, ते चिरंजीव मला रोज रात्री साडेदहानंतर ऐकवत होते.

मला मात्र आवडला तो ह्या यंत्राचा जन्म. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाच्या इंजिनिअरला सांगण्यात आलं, की अॅम्प्लिफायरमधला एक स्विच फार महाग पडतो, त्याऐवजी स्वस्तातलं काहीतरी बसव. त्यानं पोटेन्शिओमीटर बसवला. म्हणजे आपल्या जुन्या रेडिओत आवाज लहानमोठा करायचं जे बटण असतं, त्याच्या पोटातली वस्तू. फिरवून बघतात तर आवाज बोलायला लागला! मग ते सगळं ऑर्गनच्या पायपेडलच्या खोक्यात घातलं, आणि पुढच्या वर्षी माल बाजारात. वर नाव घातलं क्लाइड मकॉय ह्या ट्रंपेटवाल्याचं, कारण तो ट्रंपेटच्या तोंडाशी झाकण उघडझाप करून असाच आवाज काढायचा. म्हणजे बघा, खर्चकपातीतून संगीत निघालं. मी बी. कॉम. आहे. आमच्या बँकेतही खर्चकपात होते, त्यातून आजवर फक्त एका पंख्याखाली तीन टेबलं निघाली.

जन्मकथा पसंत पडली तरी खरेदी म्हणजे खरेदी. मी तीन कोटेशनं मागवली आणि तुलनात्मक तक्ता केला. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. पहिलं नाव डनलॉप. ते ऐकून नान्ना महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून बोलले, ''डनलॉप म्हणजे गादी. नाहीतर टायर.'' हा डनलॉप वेगळा, असं नातवानं सांगितलं. नान्नांना पटलं नाही. दुसरं व्हॉक्स. तिसरं मोर्ली, हे आकारानं पाटाएवढं, पण त्यात ते फिरतं बटण नसतंच, पायाच्या हालचालीनं आत उजेड कमीजास्त होतो आणि त्यावर आवाज बदलतो. फिरत्या बटणात धूळ बसली की वर्षा-दोन वर्षांत खरखर सुरू होते. सोलापूरची धूळ जमेस धरता हा मुद्दा मी तक्त्यात लाल शाईनं लिहिला.

सगळ्यात अडचण आली ती खर्च कुठल्या खाती टाकायचा ह्याची. 'शिक्षण' म्हणावं तर परीक्षेत पेडल येत नाही. 'करमणूक' म्हणावं तर कुणाची? सौ. घरखर्चाच्या वहीत प्रत्येक रुपयाला खातं लावते, आणि ज्याला खातं नाही तो खर्च होत नाही, असा आमच्याकडं नियम आहे. नियम मीच केलेला आहे.

आता खरं सांगायला हरकत नाही. पेडल मलाच पाहिजे होतं. 1998 साली कॉलेजच्या गॅदरिंगला मीही गिटार वाजवली होती. पेडल परवडत नव्हतं, म्हणून उजव्या हाताच्या करंगळीनं गिटारवरचं टोनचं बटण फिरवत फिरवत तसा आवाज काढायचा. थोडासा निघतो. करंगळी मात्र आठ दिवस वाकडी राहते. पुढं बँकेची परीक्षा पास झालो आणि करंगळी नोटा मोजायच्या कामी लागली.

शेवटी एका रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं दोघं पुण्याला गेलो. दुकानात शिरताना मी सवयीनं चपला दाराशी काढल्या. पोऱ्या म्हणाला, ''काका, राहू द्या चपला.'' पण काढल्या त्या काढल्या, आणि त्यानंच निकाल लागला. नेहमीच्या पेडलमध्ये चवड्याखाली एक स्विच असतो. पेडल पुढं पार दाबून तो कटकन् मोडला की वाह-वाह चालू, पुन्हा दाबला की बंद. साहेब लोक जाड तळाचे बूट घालून हे करतात. मी अनवाणी पायानं केलं. स्विच लागला नाही, अंगठ्याला मात्र करंट गेल्यासारखं झालं. चिरंजीव घरी अनवाणीच वाजवणार, घरात बूट घालून फिरणारा आमच्या घरात जेवेल का? हेंड्रिक्सला ही अडचण नव्हती.

''मग बिनस्विचचा घ्या,'' दुकानदार म्हणाले. त्यात स्प्रिंग असते. पाय टेकवला की आपोआप चालू, पाय उचलला की बंद. किंमत थोडी जास्त. मी तक्ता खिशात घातला आणि पैसे दिले. वजन दीड किलोच्या वर भरलं, निम्मे पैसे लोखंडाचे म्हणून मनाची समजूत घातली.

घरी आल्यावर कळलं की पेडल घेणं सोपं, पाय कठीण. चिरंजीवांचा पाय प्रत्येक ठोक्याला खाली जाई, शिवणयंत्र चालवल्यासारखा. पायाकडं लक्ष दिलं की हात चुके, हाताकडं दिलं की पाय थांबे. मी प्रयत्न केला, माझं दोन्ही थांबे. चार दिवस घरात कोंबडीचा गळा धरल्यासारखे आवाज येत होते. पाचव्या दिवशी खिडकीतून नान्ना म्हणाले, ''अरे, हाताच्या मागं पाय पळवू नको. पाय आधी जातो, हात त्याच्या मागनं येतो. धोटा कसा जातो माहीत आहे का तुला?''

धोटा काय हेच नातवाला माहीत नव्हतं.

''आण ते डनलॉप इकडं.''

चिरंजीवांनी पेडल खुर्चीपुढं ठेवलं. नान्नांनी टाच टेकवली, चवडा वर ठेवला, एकदा स्प्रिंग अजमावली आणि म्हणाले, ''हं, वाजव.'' पोरगं वाजवायला लागलं. नान्नांचा पाय सावकाश खाली गेला, सावकाश वर आला, ठोक्याशी भांडत नाही, त्याला सोडतही नाही. खोलीत अशी काही 'वाऽऽव' उमटली, की चिरंजीव वाजवता वाजवता थांबले. ''थांबला का बे?'' नान्ना म्हणाले. मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेलो. तिथं सौ. आधीच डोळे पुसत होती. कांदा चिरत नव्हती.

व्यायामाच्या बाईंना फोन करून विचारलं. त्यांना आधी यंत्र समजलं नाही. मग म्हणाल्या, ''बसून, टाच टेकवून ना? चालेल की. पण मोजा.'' नान्ना मोजत नाहीत. तीन गाणी सकाळी, तीन संध्याकाळी. रात्री झोपताना गिटारची वायर पेडलमधून आठवणीनं काढतात, कारण ती खोचलेली राहिली की आतली बॅटरी जळत राहते, हे त्यांना नातवानं एकदाच सांगितलंय. वायर काढायला ते काठी घेऊन खुर्चीपासून भिंतीपर्यंत चालत जातात. दिवाळीपर्यंत ते चौकातल्या पानपट्टीपर्यंत पोचले, आणि तिथं त्यांनी सांगितलं, की नातू बरा वाजवतो, पण पाय माझा आहे.

महिनाअखेरीला सौ.नं घरखर्चाची वही माझ्यापुढं ठेवली. पेडलची रक्कम तिनं 'औषधपाणी' ह्या खाती टाकली होती. मी खाली सही केली. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या स्वतःच्या अधिकारात पास केलेलं हे पहिलंच व्हाउचर.