पालमचं वॅपिटी आणि ‘असं झालं असतं तर’

दिल्लीला गेलेली आपली मंडळी लाल किल्ला, कुतुबमिनार आणि चांदणी चौकातले पराठे एवढं करून परततात. विमानतळाजवळ पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. आम्हा ग्वाल्हेरकरांना मात्र तिथे जायला खास कारण आहे. महाराजपूरच्या तळावरून उडणाऱ्या मिराजचा आवाज ऐकत इथली मुलं मोठी होतात. भारतीय हवाई दलाने सुरुवात ज्या विमानावर केली, ते विमान पालमला उभं आहे.

मी गेल्या हिवाळ्यात नववीतल्या भाच्याला घेऊन तिथे गेले. मला छोटी विमानं बनवायचा छंद आहे. त्यातही माझी आवड थोडी वेगळी आहे. विमान खरं, पण त्याचं आयुष्य कल्पनेतलं, अशी मॉडेल मी बनवते. इंग्रजीत त्यांना ‘व्हॉट-इफ’ म्हणतात, आपण ‘असं झालं असतं तर’ म्हणू. नियम एकच: इतिहासात एका ठिकाणी बदल करायचा, आणि बाकी सगळं खरं ठेवायचं. वजन, इंजिनाची ताकद, पैसा, हवामान यांतलं काहीही सोयीने बदलायचं नाही. त्यामुळे कल्पना लढवण्याआधी खरं विमान नीट पाहावं लागतं.

पालमच्या आवारात मोठी विमानं उघड्यावर आहेत. आत स्पिटफायर, हरिकेन, नॅट अशी ओळखीची नावं भेटतात. वेस्टलँड वॅपिटी हे त्यांच्यातलं आजोबा. जगात दुसरीकडे कुठेही पूर्ण वॅपिटी पाहायला मिळत नाही. एकावर एक दोन पंख, मध्ये उभे खांब, तिरप्या ताणलेल्या तारा आणि कापडाने मढवलेलं अंग. पुढे बिनझाकणाचं इंजिन, त्याचे 9 सिलिंडर गोलाकार मांडलेले. बसायच्या दोन्ही जागा उघड्या. पुढे वैमानिक, मागे बंदूकवाला. वॅपिटी हे उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या हरणाचं नाव.

हे विमान जन्मालाच काटकसरीतून आलं. पहिल्या महायुद्धातल्या डीएच-9ए विमानांचे ढीगभर सुटे भाग ब्रिटिश हवाई दलाकडे पडून होते. 1927 मध्ये नवं विमान हवं होतं, पण ते भाग वापरले गेले तर बरं, अशी सरकारची इच्छा. वेस्टलँड कंपनीने तसं करून दिलं. पुढे लाकडी सांगाड्याच्या जागी धातूचा सांगाडा आला आणि शेकडो वॅपिटी तयार झाली. त्यांतली बरीच भारतात आली. इथे ती जादा चाक सोबत घेऊन उडत, कारण ओसाड माळावर उतरताना चाक गेलं तर दुसरं आणणार कुठून?

1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, ती 4 वॅपिटींवर. भाचा पाटी वाचून म्हणाला, “मावशी, हे बॉम्बर होतं ना? मग बॉम्ब कुणावर टाकायचे?”

प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तरही सरळ दिलं. वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांच्या गावांवर. आधी पत्रकं टाकून इशारा द्यायचा, मग बॉम्ब. पायदळ पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, असा इंग्रजांचा हिशोब होता. 1937 मध्ये आपल्या पहिल्या स्क्वाड्रनची वॅपिटीही वझिरिस्तानच्या मोहिमेत होती. आपल्या वैमानिकांच्या कौशल्याचा अभिमान वाटावा आणि ते कशासाठी वापरलं गेलं याने जीव खट्टू व्हावा, दोन्ही एकाच विमानापुढे उभं राहून होतं. भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

मग मी त्याला दुसरी तारीख सांगितली. कराचीत स्क्वाड्रन उभी राहिली, त्यानंतर दोनच दिवसांनी, 3 एप्रिल 1933 रोजी, बिहारमधल्या पूर्णियाजवळून दोन विमानं उडाली आणि इतिहासात प्रथमच एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली. एक होतं ह्यूस्टन-वेस्टलँड, दुसरं वेस्टलँड वॉलेस. दोन्ही वॅपिटीच्या घराण्यातली! बंदुका काढल्या, मागची जागा बंद केली, अधिक ताकदीचं इंजिन बसवलं आणि प्राणवायूची नळकांडी व कॅमेरे चढवले. म्हणजे तेच यंत्र दुसऱ्या कामालाही लागू शकत होतं. त्याला तसं काम द्यायला कुणीतरी तयार हवं होतं, एवढंच.

माझ्या मॉडेलची कल्पना तिथूनच आली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं होतं. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे आणि मुक्काम पुण्याला हलवावा लागे. मी ठरवलं, 1933 च्या पावसाळ्यात टाटांकडे एक वॅपिटी आहे. सुमारे 260 किलो बॉम्ब उचलणारं विमान तेवढ्याच वजनाच्या टपालाच्या थैल्या उचलेल.

कागदावर छान होतं, पण हिशोब बसेना. पस मॉथचं इंजिन 120 अश्वशक्तीच्या आसपासचं, वॅपिटीचं जवळपास 500 चं. पेट्रोल त्याच प्रमाणात. टाटांना सरकारी अनुदान नव्हतं, नेलेल्या टपालाच्या वजनावर पैसे मिळत. वॅपिटी घेतलं असतं तर पहिल्याच पावसाळ्यात दिवाळं निघालं असतं. टाटांनी छोटं विमान का निवडलं, हे मला या मॉडेलने शिकवलं.

नियमाप्रमाणे इंजिन बदलता येत नव्हतं, पेट्रोलही स्वस्त करता येत नव्हतं. बदलाची जागा एकच उरली, सरकारी तिजोरी. सरहद्दीवर उडण्यासाठी जो पैसा निघत होता, त्यातला थोडा टपालासाठी निघाला असता तर? म्हणजे माझी ‘तर’ची गोष्ट विमानात नव्हतीच, ती खर्चावर सही करणाऱ्या माणसाच्या मनात होती.

मग कामाला लागले. फ्रॉग कंपनीचा वॉलेसचा जुना किट हाती होता, प्रमाण 1/72. या प्रमाणात वॅपिटीचे 14 मीटरचे पंख जेमतेम 20 सेंटीमीटर होतात आणि वैमानिक अडीच सेंटीमीटरही भरत नाही. वॉलेसचं धड लांब, ते कापून आखूड केलं. चाकांवरची आवरणं काढली. मागच्या बंदुकीचं कडं घासून तिथे थैल्यांसाठी झाकण बसवलं. वरचा पंख सरळ बसावा म्हणून पुठ्ठ्याचा साचा केला, कारण दुपंखी विमानात खांब केसभर सरकला तरी सगळं तिरकं दिसतं. किटच्या चौकटीची दांडी मेणबत्तीवर मऊ करून ताणली की दोऱ्यासारखी तार निघते. त्या तारा लावायला दोन रविवार गेले. शेवटी चंदेरी रंग आणि भारतीय नोंदणीची ‘व्हीटी’ अक्षरं.

पंखांखालची बॉम्ब अडकवायची चौकट मात्र मी काढली नाही. भाच्याने विचारलं, “ती का ठेवलीस?” मी म्हटलं, “विमान आधी काय करत होतं, ते लपवायचं नाही.”

हा छंद करून पाहायचा असेल तर महागड्या किटने सुरुवात करू नका. एखादं विमान निवडा, जमलं तर ते प्रत्यक्ष पाहून या, आणि एकच गोष्ट बदला. पालमला जायचं असेल तर संग्रहालय कोणत्या वारी उघडं असतं ते आधी पाहा, आणि सोबत एखादं शाळकरी मूल असू द्या. पाटीवर जे लिहिलेलं नसतं, ते तेच विचारतं.