वडिलांचा आवाज

आमचे वडील छत्तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकवीत होते. त्यांचा आवाज शेवटच्या बांकापलीकडे, व्हरांड्यांत बसलेल्या शिपायापर्यंत जाई. पुढें त्यांस कंपवात जडला. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्यानें १८१७ सालीं ज्या विकारावर निबंध लिहिला, तोच हा. आम्हां सर्वांचें लक्ष हाताच्या थरथरीकडे. आवाज केव्हां क्षीण झाला, हें कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

“बाबा, मोठ्यानें बोला,” असें म्हटलें, तर ते म्हणत, “मी ओरडतोंच आहें, तुमचेच कान गेले आहेत!” मला तो हट्ट वाटे. लाज वाटते, पण सांगतों: पाहुणे आले म्हणजे त्यांच्याऐवजीं मीच उत्तरें देऊं लागलों. वर्गांत मुलाचें वाक्य मध्येंच तोडूं नये, हें मला चांगलें कळे; घरीं मात्र मी तेंच करीत होतों.

वाणीवर उपचार करणाऱ्या एका बाईंनीं माझा गैरसमज दूर केला. या रोगांत स्वतःचा आवाज मोजण्याचें मेंदूंतील मापच बिघडतें. पुटपुटणें रोग्यास नेहमींचें बोलणें वाटतें. बाईंनीं त्यांचें बोलणें मुद्रित करून त्यांनाच ऐकविलें. “हा कोण म्हातारा?” असें त्यांनीं विचारलें, आणि मग बराच वेळ ते गप्प बसले.

यावरील एक पद्धति लॉरेन रेमिग व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालापासून अमेरिकेंत तयार केली. ली सिल्व्हरमन या रोगी स्त्रीचें नांव तिला दिलें आहे. आठवड्यांतून चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे. आणि ध्येय एकच, मोठा आवाज. दीर्घ ‘आ’ लावावयाचा, स्वर चढवावयाचा, उतरवावयाचा, आणि रोजच्या उपयोगाचीं दहा वाक्यें घोकावयाचीं. ३८८ रोग्यांवरील विलायतेंतील परीक्षणाचा निकाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींच्या वाणी-उपचारापेक्षां याच पद्धतीनें बोलण्यांतील अडचण अधिक कमी झाली. कांहींचा गळा ताणला, हेंहि त्यांत नमूद आहे.

दहा वाक्यें वडिलांनीं स्वतः निवडलीं. दहावें होतें, “अरे, मला बोलूं दे.” तें वाचून मी मान खालीं घातली.

रोग हटला नाहीं. रोज अभ्यास करावा लागतो, व दमल्यावर स्वर पुन्हा बसतो. पण गेल्या महिन्यांत एक जुना विद्यार्थी भेटीस आला व त्यानें प्रकृति विचारली. मी तोंड उघडलें, तोंच खुर्चीवरून दहावें वाक्य आलें. मग ते त्यास म्हणाले, “हात कांपतो, चालतांना पाय अडखळतात. पण तूं पानिपताचें साल चुकला होतास, तें मी विसरलों नाहीं.”