कोरी जागा आणि शून्य

गेले तीन महिने माझे वीकेंड एका सात मिलिमीटरच्या किड्याने खाल्ले आहेत. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगतो, कारण इथे हसलात तरी मला दिसत नाही :)

सुरुवात जूनमधल्या एका शनिवारी झाली. रात्री रिलीज होतं, ते फसलं, सगळं पूर्ववत करता करता एक वाजला आणि मी चहाचा मग घेऊन बाल्कनीत येऊन उभा राहिलो. ओहायोतल्या कोलंबसला येऊन मला दोन वर्षं झाली. बिल्डिंगच्या मागे एक तळं आहे. बाल्कनीच्या दिव्याखाली भिंतीवर एक बारीकसा किडा बसला होता. पंख कौलारू छपरासारखे उतरते आणि त्यांवर तपकिरी नक्षी. सहज फोटो काढला, मोठा करून पाहिला आणि झोपच उडाली. त्या एवढ्याशा पंखात कुणी क्रोशाने विणाव्यात तशा शिरा होत्या.

आता बारावीनंतर बायॉलॉजीशी माझा संबंध फक्त पॅथॉलॉजी रिपोर्टपुरता. पण बग दिसला की तो कुठून आला हे कळेपर्यंत चैन पडत नाही. हा तर खराखुरा बग!

दोन रविवार घालवल्यावर कळलं की याला इंग्रजीत स्पंजिलाफ्लाय म्हणतात. मराठीत नाव सापडलं नाही, म्हणून मी आपलं 'स्पंजमाशी' म्हणतो. खरं तर ही माशी नव्हेच. धुळीत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्या पकडणारा किडा लहानपणी आपण सगळ्यांनी काडीने उकरलाय, ही त्याची दूरची चुलत बहीण. हिची अळी जगते गोड्या पाण्यातल्या स्पंजावर. हो, गोड्या पाण्यातही स्पंज असतात. दगडावर, बुडालेल्या लाकडावर हिरवट किंवा राखाडी साय धरल्यासारखे दिसतात, आणि आपण ते शेवाळ समजून पुढे जातो.

हिचा जन्म म्हणजे एक सिनेमाच आहे. मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते आणि त्यांवर रेशमाचं पांढरं पांघरूण घालते. अंड्यातून निघालेली अळी खाली पाण्यात पडते आणि स्पंज शोधत फिरते. सापडला तर सुईसारख्या लांब तोंडाने त्याच्या पेशींमधला रस शोषत मोठी होते. नाही सापडला तर खेळ खलास. वाढ पूर्ण झाली की पाण्याबाहेर येते, काठावर कुठेतरी कोष विणते आणि त्यातून पंख घेऊन बाहेर पडते. हार्ली ब्राउन नावाच्या माणसाने १९५२ मध्ये हिचं हे सगळं जीवनचक्र तपशीलवार लिहून ठेवलंय.

जगात स्पंजमाशांच्या सत्तरेक जाती. उत्तर अमेरिकेत फक्त सहा. म्हटलं, सहाच तर आहेत, एका संध्याकाळचं काम. कुठलं काय! त्यातल्या तीन क्लायमेशिया या गटातल्या, तीन सिसिरा गटातल्या. ढोबळ फरक सोपा आहे: क्लायमेशियाच्या पंखांवर नक्षी, सिसिराचे पंख एकरंगी तपकिरी. माझीला नक्षी होती, म्हणजे क्लायमेशिया. पुढे खात्री करायची तर नराच्या पोटाचं टोक मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. पण इथे भूगोल मदतीला आला. क्लायमेशियाची एक जात कॅलिफोर्निया-ओरेगॉनकडची, दुसरी टेक्सास-न्यू मेक्सिकोकडची, आणि तिसरी, क्लायमेशिया एरिओलॅरिस, पूर्वेकडच्या राज्यांतली. हागेनने १८६१ मध्ये वर्णन केलेली. माझ्या बाल्कनीत आली ती बहुधा हीच.

'बहुधा' हा शब्द लक्षात ठेवा. नाव ठरवायला मी नकाशा वापरला, आणि नंतर तेच नाव घेऊन नकाशावर ठिपका दिला. प्रोग्रॅमिंगमध्ये असलं काही केलं तर कोड रिव्ह्यूत धुलाई होते.

पण मला तेव्हा नकाशाने झपाटलं होतं. आयनॅचरलिस्टवरच्या नोंदी घेतल्या, संग्रहालयांच्या नोंदी घेतल्या, १९५६ मध्ये पार्फिन आणि गर्नी यांनी अमेरिका खंडांतल्या स्पंजमाशांवर लिहिलेला मोठा प्रबंध मिळवला, त्यातली गावं एकेक करून अक्षांश-रेखांशावर बसवली. छान स्क्रिप्ट लिहिली, जात निवडली की रंग बदलतो. रात्री जागून स्वतःच स्वतःचा नकाशा बघत बसायचो.

आणि मग मी माती खाल्ली.

जुलैत लाँग वीकेंडला मित्रांबरोबर दक्षिण ओहायोच्या टेकड्यांत कॅम्पिंगला गेलो होतो. तंबूच्या कंदिलावर एकरंगी तपकिरी पंखांचा किडा आला. माझ्या अंगावर काटा! सिसिरा! त्या भागात माझ्या नकाशावर एकही ठिपका नव्हता. आसपास पाणी नव्हतं, पण म्हटलं आली असेल उडत. 'सिसिरा व्हिकारिया' म्हणून नोंद टाकून मोकळा झालो. कोऱ्या जागेत माझा एकटा ठिपका. तीन आठवडे मी त्या ठिपक्यावर जाम खूश होतो.

मग एका अनोळखी जाणकाराने दोन ओळी लिहिल्या. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेच्या बारीक शिरा बघ. स्पंजमाशीत त्या एकेरी, सरळ कडेला भिडतात. तुझ्या फोटोत त्यातल्या बऱ्याच कडेजवळ दुभंगल्या आहेत. बघितलं. खरंच, इंग्रजी वाय काढल्यासारख्या शिरा होत्या. म्हणजे हा ब्राउन लेसविंग, झाडावरचा मावा खाणारा. त्याला पाण्याशी, स्पंजाशी काही देणंघेणं नाही. फोटो माझा, झूम करायचं बटण माझ्या हातात, आणि तीन आठवडे मी त्या शिरा बघितल्याच नाहीत. बघायच्या नव्हत्या म्हणून.

ठिपका काढला. लाज वाटली. रविवारी सकाळी बाबांचा फोन आला तेव्हा त्याच मूडमध्ये होतो.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात. तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव अजून आहेत, माजी मालगुजारी म्हणून त्यांना मामा तलाव म्हणतात. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. आई जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून आमचा दर रविवारचा फोन ठरलेला: जेवलास का, थंडी आहे का, गोळ्या घेतल्या का, ठेवतो. सहा मिनिटं. फोन बोलायचाच आईने, आम्ही दोघं मागून ऐकायचो. आता बोलायची पाळी आल्यावर दोघांनाही जमत नाही.

त्या दिवशी काही सुचेना म्हणून मी किड्याची गोष्ट सांगितली. फजितीसकट. नकाशा पाठवला. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली.

"मंजे जिथे टिकली नाही तिथे हा किडा नाही?"

"तसंच काही नाही बाबा. कुणी बघितलं नसेल तिथे."

"मग बघितलं अन् सापडला नाही, ते कुठे दाखवलं?"

"ते... नाही दाखवलं."

"मग हा नकाशा किड्याचा कसा रे बाबू? हा तर बघणाऱ्यांचा नकाशा झाला."

मी गप्प. बाबांनी वीसेक वर्षं तलावावरच्या पर्जन्यमापकाची नोंद ठेवली. रोज सकाळी साडेआठला मोजपात्रात पाणी ओतायचं, मिलिमीटर बघायचे, वहीत लिहायचे. "पंधरा दिवस टिपूस नाही पडला तरी मी रोज जाऊन ०.० लिहायचो," ते म्हणाले. "कोरं सोडलं की साहेब विचारायचे, काहून, गेले नाही का मापकावर? शून्य मंजे पाऊस नाही. कोरं मंजे माणूस नाही."

मंडळी, डेटाबेसमध्ये नल आणि झिरो यात फरक काय, हा प्रश्न मी इंटरव्ह्यूत फ्रेशर्सना विचारतो. अडखळले की मनातल्या मनात हसतो. आणि माझ्याच नकाशात मी सगळ्या नलला झिरो धरून बसलो होतो. माझे ठिपके विद्यापीठांच्या गावांभोवती आणि महामार्गांच्या कडेने गर्दी करून होते. स्पंजमाशी काय कॉलेजात जाते? तिथे बघणारी माणसं असतात, एवढंच. आणि त्या कोऱ्या जागेत मी खोटा ठिपका दिला, कारण ती मला रिकामी सीट वाटली, कुणीतरी बसायला हवी अशी.

त्या रात्री नकाशा बदलला. भरीव ठिपका म्हणजे सापडली. पोकळ गोल म्हणजे दिवा लावून बघितलं, सापडली नाही. बाकी कोरं. मागच्या तळ्यावर मी फुकट घालवलेल्या चार रात्री पहिल्यांदाच कामाला आल्या. बाबांना सांगितलं तर म्हणाले, तास पण लिही. एका दिवसाच्या शून्याने दुष्काळ ठरत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "हा तुझा किडा आपल्याकडे आहे का?"

भारतात आहे. सिसिरा इंडिका ही जात नीडहॅमने १९०९ मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या संग्रहावरून वर्णन केली. आणि स्पंजांची गोष्ट तर थेट मुंबईची आहे. हेन्री कार्टर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १८४०च्या दशकात मुंबईच्या तळ्यांतले स्पंज गोळा करून त्यांचा अभ्यास करत होता. बोवरबँकने १८६३ मध्ये एका जातीला त्याचं नाव दिलं, स्पंजिला कार्टेरी. आज शास्त्रज्ञ तिला युनापियस कार्टेरी म्हणतात. मुंबईत धोबीतलाव आणि गोवालिया टँक ही नावं आज आहेत, तळी बुजवलेली आहेत. तिथल्या कोऱ्या जागा आता कुणी बघूनही भरू शकत नाही.

आमच्या तलावावर अर्थातच माझ्या नकाशात काही नव्हतं. ना ठिपका, ना गोल.

दोन दिवसांनी बाबांचा फोटो आला. घाटाच्या पायरीखालच्या दगडाचा, पाऊस सुरू व्हायच्या आधी पाणी खाली गेलं होतं तेव्हापासून त्यांच्या लक्षात असलेला. त्यावर राखाडी, वाळलेली खपली, टोस्टासारखी भुगा होणारी, आणि तिच्यात खसखशीसारखे दाणे. "लहानपणी याला हात लावला की खाज सुटायची," खाली लिहिलं होतं. स्पंज सुकताना असेच बीजासारखे दाणे मागे ठेवतो, त्यातून पुन्हा उगवतो, आणि त्याच्या अंगात काचेच्या बारीक सुया असतात. स्पंज असावा. 'असावा'च म्हणतो, सुया मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय आता मी काही ठाम म्हणणार नाही. घर तर दिसतंय. भाडेकरू आहे का ते बघायचंय.

बाबांनी आईच्या जुन्या पांढऱ्या चादरीचा पडदा केला आणि रिचार्जेबल दिवा घेऊन संध्याकाळी घाटावर जायला लागले. मी घाबरलो. पावसाळा, शेवाळलेल्या पायऱ्या, साप. नको म्हटलं तर म्हणाले, "वीस वर्षं त्याच बांधावरून गेलो ना रे." शेजारच्या मुलाला बरोबर नेतात, एवढी तडजोड झाली. तो फोटो काढतो. वरची कड स्पष्ट आली पाहिजे हे बाबांनी त्याला पढवलंय.

आता आमचा फोन चाळीस मिनिटं चालतो. निम्मा वेळ किड्यांचा, उरलेला कशाकशाचा. परवा बोलता बोलता आईचा विषय निघाला आणि दोघांपैकी कुणीच फोन ठेवायची घाई केली नाही.

काल त्यांनी वहीचं पान पाठवलं. खात्यातलीच आखलेली वही, तेच टपोरं अक्षर. पाच ओळी. शेवटची अशी: सायंकाळी ७.१५ ते ८.३०, घाटाजवळ, वारा नाही, वाळवीची पाखरं पुष्कळ, स्पंजमाशी ०.

पाचही शून्यं नकाशावर चढवली. भंडारा जिल्ह्यात आता एक पोकळ गोल आहे, सव्वासहा तासांचा. त्याच्या आजूबाजूला अजून सगळं कोरं आहे. तुमच्या घराजवळ तळं असेल आणि एखादी संध्याकाळ मोकळी असेल तर बघा. काही नाही सापडलं तरी लिहून ठेवा, वेळेसकट.

चला, साडेसात वाजले. बाबांचा फोन येईल इतक्यात.