आजीला विचारा, मग गाडी घ्या!

पुणे-ओझर वीकेंड ट्रिप मी दोन्ही गाड्यांतून केलीय. २०१९ पासूनची वॅगन-आर १६२० मिलिमीटर रुंद. मागे तिघं बसले, की मधला मंचर येईपर्यंत कुरकुरतो. स्कॉर्पिओ क्लासिक १८२० मिलिमीटर, खांदे मस्त मोकळे! पण तिची बॉडी शिडीसारख्या चासीवर बसलेली, म्हणून फ्लोअर उंच. चढताना आजीला हात द्यावाच लागतो. वॅगन-आरची सीट कमरेच्या उंचीला, आजी अलगद बसते. परतताना मंचरहून भीमाशंकरला वळलात, तर घाटाच्या वळणांवर उंच गाडी जास्त डुलते. खड्ड्यांत मात्र तिची मोठी चाकं भारी. म्हणूनच सांगते, टेस्ट ड्राइव्हला आजीला न्या आणि स्वतः मागे, मधल्या सीटवर बसा!