वरंधा घाटांत अडलेली गाडी

शिवथरघळीचें दर्शन घ्यावें, ही आमच्या वहिनींची फार दिवसांची इच्छा. आमचे बंधू हयात असतांना ती राहून गेली. गेल्या कार्तिकांत, त्यांनींच घेतलेल्या १९९६ सालच्या लहान मोटारींतून वहिनी, पुतण्या, त्याची बारा वर्षांची मुलगी व आम्ही असे चौघे पुण्याहून निघालों. पुतण्यापाशीं नवी गाडी आहे. परंतु दादांच्याच गाडींतून जावयाचें, हा हट्ट आमचा.

भोर मागें पडल्यावर नीरा-देवघर धरणाचें पाणी पुष्कळ वेळ सोबत करतें. पुढें वाघजाईच्या देवळापाशीं सह्याद्रि एकदम तुटतो व रस्ता वळणें घेत कोंकणांत उतरतो. दासबोधाची रचना ज्या घळींत झाली असें मानतात, तिचा शोध १९३० सालीं धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं लावला. तेथें वहिनी बराच वेळ डोळे मिटून बसल्या होत्या.

परततांना चढावर उष्णतेचा कांटा भराभर वर सरकूं लागला. खरें सांगावयाचें तर, दुपारीं गाडी चालू ठेवून उभी केली तेव्हांच कांटा चढलेला व पंखा मात्र स्तब्ध, हें आम्हीं पाहिलें होतें. हट्ट आपला, म्हणून बोललों नाहीं! आतां अर्ध्या घाटांत बॉनेटमधून वाफ येऊं लागली. सूर्य कलला होता, मोबाइलला रेंज नव्हती आणि वहिनींचें रात्रीचें औषध पुण्यास राहिलें होतें.

पुतण्या फडकें घेऊन रेडिएटरचें झांकण उघडणार, तोंच खालून आलेल्या जीपचा चालक ओरडला, “दादा, हात लावूं नका!” आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांवरही उकळत नाहीं, झांकण उघडतांच दाब सुटून त्याची वाफ होते व ती तोंडावर उसळते. इंजिन बंद करून आम्ही पाऊण तास थांबलों.

त्या गृहस्थानें एकच प्रश्न विचारला, “सपाटीवर कांटा खालीं राहतो का?” राहतो, असें आम्हीं सांगितलें. “मग पंखाच बघूं.” गाडी वेगानें धांवतांना समोरचा वारा रेडिएटरला पुरतो, चढावर वेग थोडा, इंजिनास श्रम फार, तेव्हां सारी भिस्त पंख्यावर. जुन्या फियाट-ॲम्बॅसडरचा पंखा पट्ट्यानें इंजिनाशीं जोडलेला असे. इंजिन फिरे तोंवर तोही फिरे. आमच्या गाडीचा पंखा विजेवर चालतो, व पाणी तापल्याची खूण एक लहानसा स्विच त्यास देतो.

निवाल्यावर पाणी पाहिलें. फारसें उणें नव्हतें. फ्यूज शाबूत होता. बॅटरीपासून पंख्यास थेट तारा लावल्या, तो फिरला; म्हणजे मोटर निर्दोष. मग किल्ली फिरवून त्या स्विचाच्या दोन तारा काढून एकमेकींस जोडल्या. पंखा पुन्हां फिरला! म्हणजे तारा व रिलेही ठीक. दोष केवळ स्विचाचा. तारा तशाच जोडून, चिकटपट्टी गुंडाळून त्यानें पंखा सतत चालू ठेवला.

छत्तीस वर्षें आम्हीं मुलांना धूर व अग्नि यांच्या उदाहरणानें अन्वय-व्यतिरेक शिकविला. येथें प्रत्यक्ष धूर समोर असतां आम्ही देवाचा धांवा करीत उभे, आणि ज्यानें न्यायशास्त्राचें नांवही ऐकलें नसेल, तो एकेक शक्यता निवडून बाजूस ठेवीत होता.

पैसे त्यानें घेतले नाहींत. वाघजाईपाशीं आमच्याबरोबर चहा मात्र घेतला. कांटा मध्यावर स्थिर होता. रात्रीं नऊच्या सुमारास आम्ही घरीं पोंचलों. वहिनींनीं औषध घेतलें. दुसऱ्या दिवशीं नवा स्विच बसला.

झोपण्यापूर्वीं वहिनी शांतपणें म्हणाल्या, “भावजी, पंखा फिरत नाहीं हें दुपारींच तुमच्या ध्यानांत आलें होतें ना? तुमच्या तोंडावरून मला कळलें होतें.”

“मग आपण बोललां कां नाहीं?”

“ह्यांची गाडी. तिला नांव कसें ठेवूं?”

दोघांचेंही मौन प्रेमाचेंच होतें. पण त्यापायीं चौघेही घाटांत अडलों. जुन्या गाडीवर माया असावी, पण तिचा दोष दिसतांच तो बोलून दाखवावा, एवढें आम्ही त्या दिवशीं शिकलों.