आईच्या हातची ब्रह्मी कोशिंबीर

वाडीला येणारा माणूस परत जाताना पेढे, बासुंदी आणि वांगी घेऊन जातो. कृष्णा-पंचगंगेच्या मळीच्या जमिनीतला ताजा भाजीपाला आम्हाला दारात मिळतो. पण आमच्या घरात कच्चे खाणे म्हणजे भाकरीशेजारी बुक्कीने फोडलेला कांदा, एवढेच. म्हणून कोशिंबिरीचा एक वेगळा प्रकार सांगतो. तो ब्रह्मदेशातला आहे.

ब्रह्मदेश आपल्याला परका नाही. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. १९५६ साली नागपूरला त्यांना दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थवीर मूळचे तिकडचेच. पण तिथली माणसे जेवतात काय, हे मला ठाऊक नव्हते. इगतपुरीच्या शिबिरात मौन सुटल्यावर, पूर्वी मंडालेत राहिलेल्या घरातल्या एका वयस्कर गृहस्थांनी ते सांगितले. तिकडे कोशिंबिरीला 'अथोक' म्हणतात. अर्थ सरळ आहे : हाताने कालवलेले.

चौघांसाठी चार घट्ट टोमॅटोंच्या फोडी करा. एक कांदा उभा पातळ चिरून पाण्यात ठेवा आणि पिळून घ्या, म्हणजे उग्रपणा जातो. वाटीभर कोबी बारीक चिरा. दोन चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट, एक चमचा भाजलेले तीळ आणि एक चमचा हरभराडाळीचे पीठ खमंग भाजून घ्या. हे पीठ टोमॅटोचे सुटलेले पाणी धरून ठेवते. आठ-दहा लसूणपाकळ्यांचे काप दोन चमचे तेलात तांबूस तळा आणि तेलासकट वर घाला. हिरवी मिरची, कोथिंबीर, अर्धे लिंबू घाला. मीठ मात्र ताटे वाढताना. तिकडे वाळलेल्या कोळंबीची पूडही घालतात. आपल्याकडे सोडे भाजून कुटले की झाले. वाडीची वांगी भाजून, सोलूनही असेच कालवता येते.

आता कालवायचे. घरात हे काम आईचे. पण पाहुणे आले की ती चमचा शोधते. तरुणपणी ती दुसऱ्यांच्या मळ्यात भाजी तोडायला जाई. दुपारी बाया एकमेकींना कालवण देत. एकदा आईने कांदा-टोमॅटो कालवून पुढे केला. कोणाचाच हात पुढे आला नाही. त्याच बायांनी सकाळपासून तिच्या हातचे टोमॅटो पाटीत भरून घेतले होते.

गेल्या महिन्यात माझ्या कचेरीतले तिघे जेवायला आले. आईने सवयीने चमचा घेतला. मी म्हणालो, "आई, हिचं नावच हाताने कालवलेली."

"पावणं काय म्हणतील?"

"विचारू या की."

विचारायची वेळ आली नाही. त्यांच्यातलाच एक जण स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मावशी, चमच्यानं नीट मिसळत नाही हो. आमची आईपण हातानंच करते."

आईने चमचा ठेवला. हात धुतले, पदराला पुसले आणि परातीत घातले. पहिला घास तिनेच चाखला.

"लिंबू कमी पडलंय," ती म्हणाली.

परात रिकामी झाल्यावर तळाशी राहिलेला कूट त्या तिघांनी भाकरीने पुसून खाल्ला. आई ते बघत उभी होती. मग मला म्हणाली, "पुढच्या खेपेला टोमॅटो सहा घे."